पिल्लाची आई कुठे आहे? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

चार वर्षांपूर्वी लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं. मोबाइलवर जाहिरात पाहिली होती. विकणाऱ्याने हायवेवरच्या एका पेट्रोल पंपापाशी बोलावलं. गाडीच्या डिकीत पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यात एकमेकांवर झोपलेली तीन पिल्लं. "दोन महिन्यांची आहेत, लस झालीय, पेपरपण देतो," तो म्हणाला. यांची आई कुठंय, असं मी विचारलं. "गावाला." तिथेच मी मागे फिरायला हवं होतं. पण तोवर लेकीने एक पिल्लू छातीशी धरलं होतं. मी अठरा हजार रोख मोजले.

तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टरांनी जबडा उघडून दात पाहिले आणि म्हणाले, हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. तपासणीत पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार निघाला. चार दिवस सलाईन चाललं आणि पाचव्या दिवशी पहाटे ते गेलं. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पार्व्होची लक्षणं बहुधा लागणीनंतर तीन ते सात दिवसांत दिसतात, म्हणजे ते आजार घेऊनच आमच्या घरी आलं असणार.

साहेब, मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? हे सगळं रोखणारा नियम तेव्हाही होता. केंद्राने २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम केले. त्यानुसार ब्रीडरने, म्हणजे विक्रीसाठी पिल्लांची पैदास करणाऱ्याने, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय तिचं मेटिंग करायचं नाही, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही आणि जन्मभरात पाचांपेक्षा जास्त नाही. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. म्हणजे कोणी बघणारं नसेल तर वर्षाला दोन वेतं सहज निघतात. "गावाला" असलेली ती आई मी कधी पाहिली नाही, पण तिच्याबद्दल मी आजही विचार करते. ती कुठल्या शेडमध्ये बांधलेली असेल, ते तिचं कितवं वेत असेल.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा धीर केला. या वेळी एका ब्रीडर बाईंकडे पिल्लासाठी सात महिने थांबलो. मी त्यांना विचारलं त्याच्या दुप्पट प्रश्न त्यांनी मला विचारले. दिवसा घरी कोण असतं? घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का? गावी गेलात तर कुत्र्याला कोण बघणार? पिल्लांची आई तिथेच होती, आचळं अजून लोंबत होती, आणि ती शेपटी हलवत येऊन माझा हात चाटून गेली. आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे त्यांनी दाखवले, कारण लॅब्राडॉरमध्ये खुब्याचा दोष पिढीजात येतो. लसीच्या कार्डावर कुपीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही होती. सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा त्यांनाच परत द्यायचा, हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं. पिल्लू नऊ आठवड्यांचं झाल्यावरच आमच्याकडे सोपवलं. ते आज माझ्या पायाशी झोपलंय.

केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, पेपरांबद्दलही सांगायला हवं. "पेपर आहेत" म्हटलं की लोक निर्धास्त होतात. ते पेपर वंशावळ सांगतात, तब्येत सांगत नाहीत. हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

रस्त्यावरचं पिल्लू दत्तक घ्या, असं अनेकांनी मला सुचवलं. ते बरोबरच आहे. पण जे विकत घेणार आहेत ते घेणारच. मग त्यांना योग्य ठिकाण सापडू द्या.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नोंदणीकृत ब्रीडरांची यादी तालुक्यानुसार मोबाइलवर पाहता यावी, आणि कोणाची नोंदणी रद्द झाली असेल तर तेही तिथे कळावं. पिल्लाच्या प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. नसेल तर ती जाहिरात उतरवायला लावण्याची जबाबदारी एखाद्या अधिकाऱ्यावर नावानिशी टाका. आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समित्यांना सुटीच्या दिवशीही तपासणीला पाठवा, कारण हायवेवरचे हे सौदे रविवारी होतात.

दंडाचंही बोलते. १९६० च्या कायद्यात प्राण्याला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. अठरा हजारांना पिल्लू विकणाऱ्याला पन्नास रुपये म्हणजे काय? कायदा केंद्राचा आहे, हे मला माहीत आहे. पण महाराष्ट्राने दिल्लीला लिहावं, वारंवार लिहावं, आणि आपण काय लिहिलं ते आम्हाला सांगावं.

त्या पहिल्या पिल्लाचं नाव लेकीने शेरू ठेवलं होतं. त्याच्या लसीचं खोटं कार्ड मी जपून ठेवलं आहे. चौकशीला हवं असेल तेव्हा घेऊन येईन.

आपली नम्र,
पुण्यातली एक श्वानपालक