एएमव्ही म्हणजे नुसतं कट-पेस्ट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत मुलांच्या मोबाईलवेडावर जो लेख आला त्यात जाता जाता एक वाक्य टाकलंय, की ही पोरं दुसऱ्याच्या कार्टूनच्या क्लिपा कापतात, गाण्याला चिकटवतात आणि वर स्वतःला एडिटर म्हणवतात. पुढे चोरी हा शब्द पण आहे. बाकी लेखाशी माझं भांडण नाही, मोबाईलचं वेड आहेच, पण लेखकाने एकतरी एएमव्ही शेवटपर्यंत बघितला असेल असं वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जपानी अॅनिमेचे, म्हणजे तिकडच्या कार्टूनचे, सीन भलत्याच गाण्यावर जुळवून फॅन लोक जो व्हिडिओ बनवतात तो एएमव्ही, म्हणजे अॅनिमे म्युझिक व्हिडिओ. आणि हे रील्सचं खूळ नाहीये हो. १९८२ साली अमेरिकेत जिम कापोस्टास नावाच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले आणि 'स्पेस बॅटलशिप यामाटो' या मालिकेतले सगळ्यात हाणामारीचे सीन निवडून बीटल्सच्या 'ऑल यू नीड इज लव्ह'वर लावले, म्हणजे तिकडे अंतराळात जहाजं फुटतायत आणि मागे प्रेमाचं गाणं चाललंय. गंमत गाण्यात नाही, कार्टूनमध्ये पण नाही, दोन्ही जोडण्यात आहे, आणि ते जोडणं त्या पठ्ठ्याचं स्वतःचं.

आता कट-पेस्टचं बघा. अॅनिमेचा व्हिडिओ सेकंदाला साधारण २४ फ्रेम्सनी, म्हणजे २४ स्थिर चौकटींनी चालतो. गाणं मिनिटाला १२० बीट्सचं, म्हणजे तालाच्या ठोक्यांचं असेल तर एका बीटला बरोब्बर १२ फ्रेम्स येतात, सुटलात. पण १३० चं असेल तर ११ फ्रेम्स आणि वर जरासं काहीतरी उरतं, ते उरलेलं साठत जातं आणि मिनिटभरात कट बीटच्या दहा फ्रेम मागे-पुढे जातो, मग बघणाऱ्याला नक्की काय चुकलं ते कळत नाही पण खटकतं. म्हणून प्रत्येक कट कानाने ऐकून हाताने सरकवायचा. त्यात मूळ चित्रंच कमी, जपानी टीव्ही अॅनिमेत खर्च वाचवायला एकच चित्र दोन-दोन तीन-तीन फ्रेम धरून ठेवतात, त्यामुळे तुम्हाला हवी तिथे हालचाल मिळेलच असं नाही. लिप सिंक तर विचारूच नका! पात्राचं तोंड बहुतेक वेळा बंद, अर्धं आणि पूर्ण उघडं एवढ्या तीनच चित्रांत बोलतं, ती सुटी करून गाण्याच्या शब्दांवर परत मांडायची, म्हणजे पात्र खरंच गातंय असं वाटलं पाहिजे. लग्नाच्या व्हिडिओवाल्याला आपण एवढ्याच कामाचे पैसे देतो आणि एडिटर पण म्हणतो.

राहिला चोरीचा मुद्दा. परवानगी घेतलेली नसते, ते खरंच आहे, आणि गाणंवाल्यांचा हक्क मी नाकारत नाही. २००५ मध्ये विंड-अप रेकॉर्ड्स या गाण्यांच्या कंपनीने सांगितल्यावर 'अॅनिमे म्युझिक व्हिडिओज डॉट ऑर्ग' या एएमव्हीवाल्यांच्या वेबसाइटने त्यांच्या कलाकारांच्या गाण्यांवरचे व्हिडिओ काढून टाकले होते. नंतर यूट्यूबने कंटेंट आयडी आणलं, त्यात गाणं आपोआप ओळखलं जातं आणि मालकाने ठरवायचं, व्हिडिओ बंद करायचा, की राहू देऊन जाहिरातीचे पैसे आपण घ्यायचे, की नुसतं लक्ष ठेवायचं. म्हणजे पुष्कळ वेळा पोराने रात्र रात्र जागून केलेल्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या कंपनीला जातात आणि पोराला फक्त चार कमेंट. चोर म्हणे!

खरी उचलेगिरी बघायची असेल तर ती दुसरीकडेच आहे. ज्यांना या प्रकाराची जाण आहे ते एएमव्हीवाले मालिकेचं नाव, गाण्याचं नाव, गायकाचं नाव देतात, ती तिथली जुनी रीत आहे. मग एखादं 'स्टेटस' पेज तो व्हिडिओ उचलतं, कोपऱ्यातलं एडिटरचं नाव क्रॉप करतं, स्वतःचा लोगो ठोकतं, कधी कधी मूळ गाणं काढून वर मराठी गाणं चढवतं (मग सिंकची वाट लागते ती वेगळीच) आणि आपण तो फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करतो. यावर लेखात एक अक्षर नाही.

आणि लेखासोबत जे चित्र छापलंय ते अशाच एका फॅन एडिटचा स्क्रीनशॉट आहे, खाली लिहिलंय 'छायाचित्र : इंटरनेट'. कृपया मालिकेचं आणि एडिट करणाऱ्याचं नाव शोधून पुढच्या रविवारी छापा, एडिटरचं नाव चित्राच्या उजव्या कोपऱ्यात अर्धं दिसतंय.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली