ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

मानसशास्त्राची तोंडओळख मी तुमच्यासारख्या अनोळखी लोकांनी ऑनलाइन टाकलेल्या व्याख्यानांवर आणि टिपणांवरच करून घेतली. १८७९ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, इथवर सगळं सुरळीत होतं. अडले ती ऋण प्रबलनापाशी (negative reinforcement). मी त्याला शिक्षाच समजत होते. तुमच्यापैकी कुणीतरी न कंटाळता लिहिलंत: सीटबेल्ट लावला की गाडीतला इशाऱ्याचा आवाज थांबतो, म्हणून पुढच्या वेळी आपण तो लगेच लावतो. शिक्षेने वर्तन कमी होतं, प्रबलनाने वाढतं. ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, नकोसं काहीतरी दूर होणं. किती दिवसांची गाठ सुटली! दुसऱ्या कुणी मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांचा विस्मरणाचा आलेख, म्हणजे शिकलेलं दिवसागणिक कसं विसरत जातं ते दाखवणारी रेषा, दाखवून थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी करायला लावली, ती सवय अजून टिकून आहे. तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार.