मागच्या टायरची पकड

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जुनी टू-स्ट्रोक ट्रायल्स गाडी घेतलीस आणि क्लबची पहिली स्पर्धा भरवायची जबाबदारीही अंगावर घेतलीस, हे वाचून फार आनंद झाला. तू तीन गोष्टी विचारल्यास: गाडी चालवायची कशी, राखायची कशी आणि स्पर्धा आखायची कशी. मला त्यात एकच प्रश्न दिसतो. मागच्या टायरला पकड कुठे मिळते, कशाने सुटते आणि कशी टिकवता येते? ट्रायल्स म्हणजे दगड, चढ, ओंडके अशा अडथळ्यांवरून मोटरसायकल नेण्याचा खेळ; त्यात वेगाला किंमत नाही, पाय न टेकता पुढे जात राहण्याला आहे. ते सगळं जमिनीला चिकटलेल्या तळहाताएवढ्या रबरावर अवलंबून असतं. म्हणून सुरुवात टायरपासूनच.

मागचा टायर ४.०० आर १८, ट्यूबलेस रेडियल. पुढचा २.७५-२१, बहुतेक गाड्यांत ट्यूबचा. मागे हवा ४ ते ५ पीएसआय ठेव, पुढे ६ ते ७. रस्त्यावरच्या गाडीची सवय असलेल्याला हे चाक पंक्चर वाटेल. पण या टायरची बाजू मुद्दाम मऊ केलेली असते. दगडाच्या कडेवर ती दबते आणि कड धरून ठेवते. मागे ८ पीएसआय भरलंस की तोच टायर त्याच कडेवरून उसळतो. उलट ३ च्या खाली गेलास तर रिम दगडावर आपटून वाकते आणि आडव्या उतारावर टायर रिमवरून सुटतो. पेट्रोल पंपावरचा गेज इतकी कमी हवा नीट दाखवत नाही, म्हणून ० ते १५ पीएसआयचा वेगळा गेज घे. हवा नेहमी मैदानावर पोचल्यावर आणि चाकं सावलीत असताना बघ. गेज फक्त वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, पण तापल्यावर टायरमधला सगळा दाब वाढतो. सकाळी ४.५ भरलेला टायर १० अंशांनी तापला की ५ च्या पुढे जातो. घसरड्या ओल्या दगडावर हा अर्धा पीएसआय सहज जाणवतो.

टायर बसवताना कडांना साबणाचं पाणी लाव, व्हॉल्व्हची पिन काढून जोरात हवा भर, दोन्ही कडा सगळीकडून सारख्या बसल्या की पिन लावून हवा उतरव. रबराच्या ठोकळ्यांची पुढची कड गोल झाली की पुष्कळ जण टायर उलटा फिरवून बसवतात. दुसरी कड अजून धारदार असते, आणि पकड ठोकळ्याच्या खोलीपेक्षा त्या धारेवर जास्त असते.

टायरइतकंच लक्ष क्लचकडे दे. ट्रायल्समध्ये क्लच गिअर बदलण्यापेक्षा इंजिनची ताकद थेंबाथेंबाने चाकापर्यंत सोडण्यासाठी असतो. तो एका बोटाने चालला पाहिजे आणि लिव्हर सोडताना साधारण मधोमध पकडला पाहिजे. तुझ्या गाडीत हायड्रॉलिक क्लच असणार. आधी लिव्हरजवळच्या टाकीचं झाकण वाच: काहींमध्ये डॉट ४ ब्रेक ऑइल लागतं, काहींमध्ये मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलंस तर आतले रबरी सील फुगतात आणि सगळा सेट बदलावा लागतो. हवा काढायची असेल तर खालून वर काढ. इंजिनजवळच्या निपलला सिरिंज लावून ऑइल हळूहळू वर ढकल; हवेचा बुडबुडा आपोआपच वर चढतो. लिव्हर पंप करून वरून खाली हवा काढायला बसलास तर बुडबुडा पाइपच्या वळणात अडकतो आणि अर्धा दिवस जातो.

लिव्हरला जरासा मोकळा खेळ हवाच, साधारण एक मिलिमीटर. लिव्हर जवळ आणायच्या नादात स्क्रू फार आत घेतलास तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र झाकलं जातं. मग इंजिन तापलं की ऑइल फुगतं, परत टाकीत जाऊ शकत नाही, आणि कोणी लिव्हर न दाबताच क्लच घसरायला लागतो. गाडी थंड झाली की दोष गायब होतो, म्हणून लोक क्लचप्लेटा बदलत बसतात. उलटा दोषही येतो: थंड गाडी, गिअर टाकला की लिव्हर दाबलेला असूनही पुढे उडी मारते. त्यात बऱ्याचदा प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. इंजिन चालू करण्याआधी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी पुढेमागे हलव, प्लेटा सुटतात. रोजच असं होत असेल तर प्लेटा काढून बघ. घर्षणाच्या तुकड्यांच्या कडेला कारखान्यातला जास्तीचा गोंद साचलेला असतो, तो पात्याने खरवडून काढला की फरक पडतो. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र कंपनीने सांगितलेलंच घाल, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल किती, हे गाडीच्या पुस्तकात असतं. सव्वा टक्का सांगितलं असेल तर ५ लिटरला ६२.५ मिलि, दीड टक्का असेल तर ७५. अंदाजाने ओतू नकोस. जास्त ऑइल म्हणजे काळा प्लग आणि सेक्शनच्या, म्हणजे खुणांच्या दोन दारांमध्ये आखलेल्या अडथळ्यांच्या तुकड्याच्या, मधोमध अडखळणारं इंजिन. तसंही चालण्याच्या वेगाने बराच वेळ गेलं की इंजिनच्या तळाशी न जळलेलं मिश्रण साचतं. म्हणून सेक्शनच्या दाराशी उभा असताना दोनतीनदा रेस देऊन ते साफ कर, मगच आत जा. रेडिएटरच्या पंख्याचं असंच आहे. या वेगाला रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर. स्पर्धेच्या आदल्या दिवशी गाडी जागेवर तापवून पंखा आपोआप सुरू होतो का ते बघून घे.

बाकीचं थोडक्यात. मागच्या शॉकअपची लिंकेज सगळ्यात खाली असते, तिथे चिखल आणि पाणी दोन्ही शिरतं; तिथल्या बेअरिंग वेळोवेळी उघडून, पुसून, ग्रीस भर. धुताना प्रेशरचा झोत बेअरिंगवर आणि एअरबॉक्सवर मारू नकोस. फोमचा फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊ नकोस, त्याचा सांधा सुटतो. दोन फिल्टर आलटूनपालटून वापर. खालच्या संरक्षक पत्र्याच्या आत साचलेला चिखल दर वेळी काढ. क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प हाताने जोर लावला तर फिरतील इतपतच आवळ, म्हणजे गाडी पडली तर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. थ्रॉटलच्या ग्रिपचं टोक हँडलच्या टोकाला घासत नाही ना, हे प्रत्येक पडझडीनंतर बघ. सोडल्यावर थ्रॉटल खट्कन परत आलाच पाहिजे. आणि मनगटाला दोरीने बांधायचा किल स्विच (पडलास की इंजिन बंद करणारा) घातल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, सरावातसुद्धा.

आता चालवणं. पहिले काही आठवडे सपाट गवतावर हँडल पूर्ण वळवून इंग्रजी आठचा आकडा काढ, इतकंच. उभा राहा, गुडघे किंचित वाकलेले, गाडी आतल्या बाजूला झुकू दे आणि स्वतःचं वजन बाहेरच्या फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवर, टाक. नवशिके गाडीबरोबर स्वतःही आत झुकतात आणि पुढचं चाक घसरलं की पाय टेकतात. नजर चाकासमोर नको, तीनचार मीटर पुढे हवी. ओल्या चढावर चाक फिरायला लागलं की थ्रॉटल वाढवायचा मोह होतो. तेव्हा थ्रॉटल आहे तिथेच ठेवून क्लच किंचित दाबायचा आणि वजन मागच्या चाकावर न्यायचं. शक्य असेल तिथे पहिल्याऐवजी दुसरा गिअर घे. चाकापर्यंत पोचणारा धक्का मवाळ होतो.

गुडघाभर उंच लाकडाचा ओंडका चढताना काय घडतं ते नीट समजून घे. हळू जवळ जायचं, ओंडक्याआधी सुमारे एका चाकाएवढ्या अंतरावर गुडघे वाकवून दोन्ही शॉकअप दाबायचे. ते उसळायला लागले की थ्रॉटलचा झटका आणि क्लच मोकळा. पुढचं चाक उचलून ओंडक्याच्या वरच्या कडेच्या जरा खाली लागतं. टायर तिथे दबतो, गाडी क्षणभर थांबल्यासारखी होते. नेमक्या त्या क्षणी दुसरा छोटा झटका द्यायचा आणि पाय हलके करायचे, म्हणजे मागचं चाक ओंडक्याला खालून आपटण्याऐवजी त्यावर चढतं. मागचं चाक वर आलं की क्लच आत. चूक बहुतेक वेळा दुसऱ्या झटक्यात होते: तो उशिरा येतो, आणि संरक्षक पत्रा ओंडक्यावर बसतो. आधी घोट्याएवढ्या उंचीवर वेळ साधायला शीक, मग उंची वाढव.

गुण तुला माहीत आहेत: एकदा पाय टेकला १, दोनदा २, तीन किंवा जास्त वेळा ३, आणि फसलं तर ५. कमीत कमी गुण मिळवणारा जिंकतो. झाडाला खांदा टेकवून तोल सावरला तरी तो एक मोजतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की तिसऱ्यांदा पाय टेकला की अजून टेकायला काहीच खर्च नाही. मग शैली सोडून पाय मारत बाहेर पड, पण गाडी थांबू देऊ नकोस. टोनी बूने २००७ ते २०२४ दर वर्षी खुल्या मैदानातलं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याच्या उड्या सगळे बघतात. तू त्याचं सेक्शन पायी बघणं बघ. कुठे ओल आहे, कुठला दगड हलतो, आधीच्या गाड्यांनी कुठली माती वर आणली आहे, हे तो चालत जाऊन ठरवतो.

आणि इथेच तुझ्या स्पर्धेचा विषय येतो, कारण सेक्शन आखणारा दिवसभराची पकड आखत असतो.

आधी वेळेचं गणित मांड. ६० स्पर्धक, १० सेक्शन, ४ फेऱ्या. एका सेक्शनला एका माणसाचा दीड मिनिट गेला तर त्या एका सेक्शनला ३६० मिनिटं, म्हणजे ६ तास लागतात. एका मिनिटात उरकलं तर ४ तास. तेव्हा सेक्शन छोटे ठेव, एकामागून एक गाडी लगेच सोडता येईल असे, आणि स्पर्धकांना वेगवेगळ्या सेक्शनपासून सुरुवात करू दे. सगळे पहिल्या सेक्शनपासून निघाले तर तिथे तासभराची रांग लागते आणि दहाव्यावरचा गुण मोजणारा निरीक्षक रिकामा बसतो.

सेक्शनचा क्रम जमिनीकडे बघून लाव. चिखलाच्या सेक्शननंतर लगेच गुळगुळीत कातळ ठेवलास तर पहिल्या दहा जणांना कोरडा दगड मिळेल आणि उरलेल्यांना टायरवरून आलेल्या चिखलाचा लेप. मधे गवताची किंवा खडीची दोनशे मीटर वाट ठेव, टायर साफ होतात. मऊ मातीच्या चढावर उलट होतं: आधी जाणारे माती उकरतात, खाली कठीण थर लागला तर मागच्यांना सोपं जातं, मुळं उघडी पडली तर अवघड. आखताना कुदळीने थोडं खणून खाली काय आहे ते बघच. पावसाची शक्यता असेल तर प्रत्येक अवघड चढाला आधीच दुसरं, सोपं दार आखून ठेव, म्हणजे सकाळी फक्त खुणा हलवायच्या. खुणांत लाल उजवीकडे, निळा डावीकडे. हँडल सुमारे ८२ सेंमी रुंद असतं, तेव्हा झाडांमधून नेताना टेपने मोजून घे.

आखणारा चांगला चालवणारा असेल तर सेक्शन हमखास जास्त अवघड होतात. जिथे सगळे शून्य घेतात किंवा सगळे पाच घेतात, तो सेक्शन निकालाला काहीच देत नाही. त्या त्या गटातल्या साधारण माणसाकडून एकदा चालवून घे. उतारांवर पडण्याची जागा मोकळी कर: तुटकी खोडं, टोकदार दगड, कुंपणाची तार काढ किंवा रेषा बदल. निरीक्षक खालच्या बाजूला कधीही उभा करू नकोस, आणि प्रत्येक सेक्शनपर्यंत स्ट्रेचर पोचेल याची खात्री कर. झऱ्यांच्या पात्रातून सेक्शन नेऊ नयेत असं माझं मत आहे. जमीनमालक हो म्हणाला तरी.

निरीक्षकांना सकाळी एकत्र बसवून समजाव. पुढच्या चाकाचा आस सुरुवातीच्या दारातून गेला की सेक्शन सुरू, शेवटच्या दारातून गेला की संपला. थांबलं तर ५ की थांबायला परवानगी, हे आधीच ठरवून छापून दे. या एका गोष्टीवरून जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावरूनही होत नाहीत. शंका असेल तर फायदा स्पर्धकाला. एक निरीक्षक, एक सेक्शन, दिवसभर. माणूस बदलला की मोजमाप बदलतं. बरोबरी झाली तर ज्याचे शून्य जास्त तो पुढे, तेही सारखे असतील तर एक गुणाचे जास्त ज्याचे तो. हा नियमही फलकावर लाव.

जागेचे फोटो पाठव, पाणी कुठून वाहतं आणि दुपारी ऊन कुठे पडतं हे लिहून. सकाळी सावलीत ओले राहणारे दगड कोणते, हे कळलं की सेक्शनांचा क्रम मी कागदावर काढून पाठवतो.

तुझा स्नेही