फोर्ट पाहायचा तर ऊन कुठे आहे ते पाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'मुंबईत काय पाहाल' अशा याद्या येऊ लागतात. त्यांत दक्षिण मुंबईतल्या फोर्ट भागाच्या वाट्याला बहुधा तीनच नावे असतात: गेटवे, म्युझियम आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. बाहेरगावची मंडळी यादी घेऊन रविवारी अकराच्या सुमारास गेटवेवर उतरतात, डोळ्यांवर ऊन घेत फोटो काढतात, टॅक्सीने टर्मिनस गाठतात आणि 'फोर्ट झाला' म्हणून परततात. यादीतले एकही नाव चुकीचे नसते. चुकतात ते वार, वेळ आणि चालण्याची दिशा. या तीन गोष्टी न छापता नुसती नावे छापणे म्हणजे वाचकाला अर्धीच माहिती देणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टर्मिनस ते गेटवे हे अंतर चालत जेमतेम दोन-अडीच किलोमीटर आहे. इथे कधी काळी खरोखरच तटबंदी होती आणि तिला अपोलो, चर्च आणि बझार असे तीन दरवाजे होते. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६०च्या दशकात तट पाडला गेला. मोकळ्या झालेल्या पश्चिम अंगाला सरकारने विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा इमारतींची रांग उभी केली. तेव्हा समोर मैदान होते आणि मैदानापलीकडे थेट समुद्र, म्हणून त्या सगळ्यांची तोंडे पश्चिमेला आहेत. याचा आजच्या पाहुण्याला उपयोग असा की या इमारतींच्या दर्शनी भागावर सकाळी ऊन नसतेच. सकाळी दहाला समोरच्या ओव्हल मैदानात उभे राहिले तर सूर्य इमारतींच्या पाठीशी असतो, समोरची बाजू काळवंडलेली दिसते आणि कोरीवकाम सपाट वाटते. दुपारी चारनंतर तोच दगड उजळतो, खाचाखोचांत सावल्या भरतात आणि प्रत्येक कमान सुटी दिसू लागते. गेटवेचे बरोबर उलटे आहे. बंदर पूर्वेला असल्यामुळे तिथे समुद्रात सूर्य उगवतो, मावळत नाही. तरीही 'गेटवेवरचा सूर्यास्त' बघायला येणारे अजून भेटतातच.

तेव्हा गेटवे सकाळी, टर्मिनसपासून ओव्हलपर्यंतचा भाग दुपारनंतर आणि शेवट मरीन ड्राइव्हवर, असा क्रम ठेवावा. वार मंगळवार ते शुक्रवार यांतला निवडावा. रविवारी न्यायालय आणि बहुतेक कचेऱ्या बंद असल्यामुळे या भागाचा श्वासच थांबलेला असतो. सोमवारी घारापुरीची लेणी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतात. सोमवारी घारापुरीचा बेत आखलेली कुटुंबे धक्क्यावरून परत फिरतात, याचे कारण एवढेच. लेण्यांसाठी येऊन-जाऊन अर्धा दिवस लागतो, एकट्या लाँचलाच एका बाजूने तासभर. तो बेत फोर्टच्या दिवशी घुसडू नये.

गेटवेवर सूर्योदयाच्या आसपास पोहोचावे. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. उंची २६ मीटर, दगड पिवळसर बेसाल्ट आणि दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या. राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधलेल्या याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण देश सोडून गेली. पाठीमागच्या बागेत अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा आहे. तो न पाहता लोक ताजच्या फोटोकडे वळतात, याचे वाईट वाटते.

तिथून रीगल चौकात यावे. रीगल चित्रपटगृह १९३३चे. ते चार्ल्स स्टीव्हन्स यांचे काम आणि त्यांचे वडील फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे टर्मिनसचे वास्तुविशारद. बापाने कळस, कमानी आणि पशुपक्ष्यांनी इमारत भरून टाकली, तर मुलाने सरळ रेषा आणि गुळगुळीत भिंती ठेवल्या. शहराची आवड एका पिढीत किती बदलली, हे एकाच दिवशी दोन्ही पाहिल्याशिवाय कळत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडते. त्याला किमान तीन तास द्यावेत. इमारत विटेट यांचीच. घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाप आहे आणि भिंतींत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट व मालाडचा पिवळसर दगड शेजारी शेजारी आहेत. आत शिरण्यापूर्वी हे दोन दगड नीट पाहून ठेवावेत, दिवसभर तेच भेटत राहतात. मग काळा घोडा परिसर. जहांगीर कलादालन १९५२पासून आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. त्याच्यामागच्या गल्लीत १८८४चे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे, तिथे जाताना ओळखपत्र जवळ असावे. डेव्हिड ससून ग्रंथालय १८७०चे. त्याच्या जवळच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचा, ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच इमारतीत. ती बाहेरूनच पाहावी.

दुपारची विश्रांती झाली की अडीचच्या सुमारास टर्मिनस गाठावे. दर्शनी भाग पाहायची योग्य जागा टर्मिनसच्या पायथ्याशी नाही, समोर महापालिका मुख्यालयाच्या बाजूच्या पदपथावर आहे. रस्ता भुयारी मार्गानेच ओलांडावा. इमारतीचे काम १८७८ला सुरू होऊन दहाएक वर्षे चालले. २००४ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावरील स्त्रीमूर्तीच्या उजव्या हातात मशाल आहे आणि डाव्या हातात आऱ्यांचे चाक. ही 'प्रगती'. खालच्या कोरीवकामात सर ज. जी. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. छोटी दुर्बीण असेल तर पाने, पक्षी, माकडे एकेक करून सापडतात. नंतर उपनगरी गाड्यांच्या तिकीटघरात जाऊन छत पाहावे. रांगेतल्या माणसांच्या मध्ये उभे राहू नये, भिंतीकडे सरकावे. तिथे प्रत्येकाला गाडी पकडायची असते.

शेजारचे जनरल पोस्ट ऑफिस हे फोर्टमधले सर्वांत दुर्लक्षित स्थळ आहे. जॉन बेग यांनी आराखडा केलेली ही इमारत १९१३मध्ये पूर्ण झाली. खिडक्यांवर टपालाची कामे चाललेली असतात आणि वर प्रचंड घुमट असतो. बाहेर काळसर बेसाल्ट, पिवळा दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा एकाच भिंतीत पाहायला मिळतात. सांध्यापाशी जवळ जाऊन पाहिले तर काळा खडबडीत आणि फिकट दगड नितळ घडवलेला, हा फरक डोळ्यांत भरतो. जुन्या तटाचा उरलेला तुकडा पाहायचा असेल, तर तो जवळच सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. तिथे रुग्ण आणि नातेवाईक असतात, म्हणून घोळक्याने जाऊ नये.

इथून लोक दादाभाई नौरोजी मार्गाने खाली येतात. त्याऐवजी शहीद भगतसिंग मार्गाने, रिझर्व्ह बँक आणि टाकसाळीवरून हॉर्निमन सर्कलला यावे. समोर १८३३चा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटी. तीस पायऱ्या आणि वर भारदस्त खांब. ही इमारतही पश्चिमाभिमुख आहे, म्हणून साडेतीनच्या सुमारास पोहोचणे उत्तम. पायऱ्यांवर बसून समोर पाहिले की वर्तुळाची रचना उलगडते: एकाच उंचीच्या, एकाच धाटणीच्या इमारती बागेभोवती वळत गेलेल्या. ज्यांचे नाव या वर्तुळाला दिले ते बेंजामिन हॉर्निमन 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. ब्रिटिश असूनही १९१९ साली इथल्या सरकारने त्यांना हद्दपार केले. जवळच्या लाल इमारतीतून 'मुंबई समाचार' निघतो. हे गुजराती वृत्तपत्र १८२२पासून सुरू आहे. वर्तमानपत्राच्या वाचकांनी तरी हा कोपरा चुकवू नये.

वर्तुळाच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. ते १७१८मध्ये उपासनेसाठी खुले झाले. शहरातले जुने मैलाचे दगड इथूनच मोजलेले आहेत. पुढे हुतात्मा चौक. फ्लोराचे कारंजे १८६४चे, त्याच्या शेजारी मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. कारंज्याचा फोटो काढून हुतात्म्यांकडे पाठ फिरवणारे मराठी पर्यटक दिसतात, तेव्हा मार्गदर्शकाने त्यांना थांबवले पाहिजे. चौकातून चर्चगेटकडे वळले की १७२५ची भिका बेहराम विहीर लागते. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे आहे. आत फक्त पारशी बांधवांना प्रवेश आहे, तेव्हा बाहेरूनच पाहावी.

पाचच्या सुमारास ओव्हल मैदानात मधोमध उभे राहावे. पूर्वेला राजाबाई टॉवर, उंची २८० फूट. गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न टाकता लंडनहून त्याचा आराखडा केला आणि प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावासाठी पैसा दिला. टॉवरवर चढता येत नाही, तेव्हा पहारेकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. डावीकडे कर्नल फुलर यांचे १८७८चे उच्च न्यायालय, वर न्याय आणि दया यांच्या मूर्ती. आता नुसते वळून पश्चिमेला पाहावे. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती समोर असतात: गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, जहाजाच्या कठड्यासारखे लोखंडी गज, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, दारावर ठसठशीत अक्षरांत नाव. या रांगेला मात्र सकाळचे ऊन मिळते. संध्याकाळी रंग फिके वाटले तरी रेषा स्वच्छ दिसतात. या दोन्ही रांगांचा समावेश असलेला ९४ इमारतींचा समूह २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेला. मग चर्चगेटवरून इरॉस चित्रपटगृह पाहत मरीन ड्राइव्हला जावे. सूर्यास्त इथे. गर्दीमुळे परतीची लोकल साडेआठच्या आत पकडू नये. मुले आणि वृद्ध सोबत असतील तर हे कटाक्षाने पाळावे. भुयारी मेट्रोची चर्चगेट, हुतात्मा चौक आणि टर्मिनस ही स्थानके आता हाताशी आहेत.

पावसाळ्यात उन्हाचा हिशेब कोलमडतो. तेव्हा दादाभाई नौरोजी मार्गच बरा, कारण त्यावरच्या इमारतींच्या तळमजल्यावर कमानींखालून सलग पदपथ आहे आणि बराचसा रस्ता छत्रीशिवाय चालता येतो. अडचण एवढीच की या कमानींखाली दुचाक्या आणि सामान येते आणि माणूस रस्त्यावर ढकलला जातो.

म्हणून दोन विनंत्या. पुरवणीत यादी छापताना प्रत्येक नावासमोर बंद असण्याचा वार आणि पाहण्याची वेळ छापावी. आणि महापालिकेने या इमारतींसमोर, जिथून त्या नीट दिसतात त्या जागी, मराठीत फलक लावावेत: वास्तुविशारद, साल, दगड आणि तोंड कोणत्या दिशेला. ओव्हलच्या मध्यभागी असा एकच फलक लावला तरी सुरुवात होईल.

आपला,
एक वाचक, मुंबई