ओटीच्या पायऱ्या आणि माझा नवा खुबा

ती. आई आणि ती. बाबा,

सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग आई फोन घेते आणि मी बोलले त्यातलं तिला पटेल तेवढंच तुमच्यापर्यंत पोचतं. म्हणून लिहायला बसले.

पायाच्या तपासणीसाठी दोन-चार दिवस ॲडमिट होते आहे, असं सांगितलं होतं ना, ते खोटं होतं. माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. आज 17 दिवस झाले. पिना परवाच काढल्या. वॉकर धरून घरभर फिरते. आई, तू रड हवं तर, पण एस.टी.चं तिकीट काढू नकोस. पावसाळ्यातला कुंभार्ली घाट आणि तुझे मणके, दोन्ही मी ओळखून आहे.

कारण विचाराल. 2021 साली कोविडमध्ये मी दवाखान्यात होते तेव्हा स्टेरॉइड द्यावी लागली होती. खुब्यात मांडीच्या हाडाचं जे गोल डोकं असतं, त्याचा रक्तपुरवठा अशा औषधांमुळे कधीकधी बंद पडतो. मग ते हाड मरतं आणि हळूहळू खचतं. माझं त्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, बहुधा तेच असावं म्हणतात. त्या औषधावर माझा राग नाही, तेव्हा श्वास चालू राहणं महत्त्वाचं होतं. चीड येते ती वाया गेलेल्या वर्षाची. दुखायचं जांघेत आणि गुडघ्यात, म्हणून आम्ही गुडघ्याचेच एक्स-रे काढत बसलो. आई, तू पाठवलेलं नारायण तेल मी रोज इमानदारीने गुडघ्याला चोळत होते. दुखणं खुब्याचं असलं तरी कळ गुडघ्यात उतरते, हे एमआरआय झाल्यावर समजलं. तोवर गोळा चपटा झाला होता आणि बदलण्यावाचून इलाज उरला नव्हता.

बाबा, आता तुमच्यातल्या विज्ञानाच्या मास्तरांसाठी. हाडाचं खराब डोकं कापून काढतात, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात, त्याच्यावर गोळा आणि कमरेच्या हाडात वाटी. माझा गोळा सिरॅमिकचा आहे, वाटीला आतून पॉलिथिनचं अस्तर. ही रचना मुळात इंग्लंडच्या डॉ. जॉन चार्न्ली यांची, 1962 सालची. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती, पण ती झिजली आणि पेशंटना पुन्हा कापावं लागलं. म्हणजे आईच्या घावनांच्या तव्यावर जे चालतं ते खुब्यात चाललं नाही! बहुतेकांचा सांधा आता वीस वर्षांच्या वर टिकतो. मी 44 ची, म्हणजे म्हातारपणी कदाचित आणखी एकदा. ते तेव्हा बघू.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन केलं. झोपेचं औषधही होतं, पण मधेच गुंगी उतरायची आणि ठोकल्याचा आवाज यायचा. दुखत काही नव्हतं. मला वाटलं गणपती जवळ आलेत, सुतार ओटीवर मखर ठोकतोय. चांगलं वाटलं हो. रात्री मात्र पाय आपलेच आहेत की नाहीत कळेना. दोन पायांच्या मध्ये तिकोनी उशी पट्ट्यांनी बांधलेली, कूस बदलायची नाही, लघवीची नळी, पायांवर घट्ट मोजे. पावलं वर-खाली हलवत राहा, रक्ताची गाठ व्हायला नको, असं सिस्टर दर तासाला येऊन बजावत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. पंचविशीची असेल. म्हणाली, चला काकू, उभ्या राहा. काल नवीन हाड घातलंय आणि आज उभ्या राहा! राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बसले. दुपारी परत. चार पावलं टाकली आणि तुमच्या जावयांनी त्याचा व्हिडिओ काढला. तो तुम्हाला दाखवणार नाही, कारण त्यात मी लाज वाटावी अशी ओरडते आहे.

पण खरी शिक्षा चालण्याची नव्हती, भांड्याची होती. पडल्या पडल्या, पडद्यामागे, अनोळखी मावशींच्या हातून. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, लाजू नको ताई, आमचं रोजचंच आहे. त्यांचं रोजचं, माझं पहिल्यांदाच. बाबा, तुमच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही दोन दिवस कोणाशी बोलत नव्हता आणि मी तुम्हाला हट्टी म्हटलं होतं, ते आठवलं.

शेजारच्या पलंगावर सासवडकडच्या एक आजी होत्या. रात्री न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. रोज संध्याकाळी त्यांचा मुलगा यायचा, फळं आणायचा, पाय दाबायचा आणि न चुकता म्हणायचा, तरी मी सांगत होतो बाथरूमला दांडा लावू. आजी भिंतीकडे तोंड करायच्या. भला माणूस, बोलणंही बरोबरच. पण तिसऱ्या दिवशी मला त्याच्या आवाजात माझा आवाज ऐकू यायला लागला. गेली चार वर्षं दर फोनला मी तुम्हाला हेच ऐकवते आहे ना? कमोड बसवा, कठडा लावा, काठी घ्या.

डिस्चार्ज लिहून मिळाला सकाळी दहाला आणि आम्ही बाहेर पडलो संध्याकाळी साडेसातला. विम्याची मंजुरी तीन तासांत यावी असा नियम आहे म्हणतात. असेल. गाडीत सीट पूर्ण मागे, त्यावर उशी आणि उशीवर प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे बसल्यावर अंग न पिळता सरकन वळता येतं. ही युक्ती मावशींची. मग आमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही, 34 पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, असं घोकून घेतलं होतं, पण सराव झालेला सगळा चार लाकडी पायऱ्यांवर. अर्ध्यावर खालच्या काकूंनी उंच खुर्ची आणून ठेवली. बसले आणि का कोण जाणे, तिथेच रडू फुटलं. अख्खी बिल्डिंग दारात उभी होती.

आता घरी बरं आहे. वॉकर आणि उंच कमोडची खुर्ची भाड्याने आणली आहे, आणि बाबा, विम्याने बहुतेक पैसे दिले आहेत, काळजी नको. पोटात रोज एक इंजेक्शन असायचं, ते तुमचे जावई द्यायचे, हात थरथरत. मोजे लेक चढवून देते, कारण मला वाकायचं नाही. सध्या तीन बंधनं आहेत: कंबर काटकोनापेक्षा जास्त मुडपायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. म्हणजे यंदा पाट नाही, पंगत नाही. झोपाळाही नाही, याचं सगळ्यात वाईट वाटतंय. तुमची आरामखुर्ची तर मुळीच नाही. उकडीचे मोदक मात्र खुर्चीत बसूनही खाता येतात, आई, तेव्हा संख्या कमी करू नकोस. सहा आठवड्यांनी डॉक्टर तपासतील आणि प्रवासाचं सांगतील. हो म्हणाले तर गणपतीला येते, वाटेत थांबत थांबत.

काठीचं मात्र आत्ताच लिहिते. बाबा, तुमचा उजवा गुडघा दुखतो आणि मोठ्या मिनतवारीने तुम्ही काठी घेता, ती उजव्याच हातात धरता. ती चूक आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, म्हणजे डाव्या, आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. मग दुखऱ्या बाजूवरचा भार खरंच हलका होतो. मी फिजिओला विचारून घेतलं आहे. तुम्हाला काठीचा उपयोग होत नाही म्हणून तुम्ही ती टाळत होता, आणि मला वाटायचं तुम्हाला काठीची लाज वाटते. थोडी वाटतही असेल. मलाही वॉकर घेऊन गॅलरीत जायला वाटते, समोरचे बघतात.

आता मागणी. मी येणार असेन तर मला ओटीच्या पाच पायऱ्यांना कठडा लागेल, न्हाणीत दांडा लागेल आणि एक कमोड. ओटीवरची बाकसुद्धा चालणार नाही, मला निदान 19 इंच उंचीची खुर्ची हवी. हे सगळं माझ्यासाठी आहे. तुमच्यासाठी असतं तर तुम्ही केलं नसतं, हे मला माहीत आहे, आणि मी हे मुद्दाम करते आहे हेही तुम्हाला कळणारच, तेव्हा लपवत नाही.

मखराला सुतार येईल तेव्हाच त्याला सांगा. पायऱ्यांची उंची मोजून कळवा. चिऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घ्या, पण बाबा, तुम्ही स्वतः नको, गडी बोलवा. आणि कठडा दोन्ही बाजूंना हवा. एकाच बाजूला लावून पैसे वाचवाल, पण उतरताना जो उजव्या हाताला येतो तो चढताना डाव्या हाताला जातो, आणि त्या हातात तेव्हा माझी काठी असेल. तुमचीसुद्धा.

तुमची,
लाडकी खोटारडी