काकांच्या सायकलबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काकांना पार्किन्सन्स असल्याचं कळल्यापासून डोक्यात तोच विषय आहे. 'पाऊल उचलत नाही, आता व्यायाम कसला?' असं ते म्हणतात ना? मग त्यांना नेदरलँड्समधल्या नायमेगनची हकीकत नक्की सांग.

तिथे मेंदूविकारतज्ज्ञ बास ब्लूम यांच्या चमूने आजार सौम्य असलेले 130 रुग्ण घेतले. निम्म्यांना घरीच व्यायामाची सायकल दिली, बाकीच्यांना नुसतं स्ट्रेचिंग. सहा महिने, आठवड्यातून तीनदा, 30 ते 45 मिनिटं. कंटाळा येऊ नये म्हणून सायकलसमोर पडद्यावर खेळही होते. 2019 मध्ये निकाल आला. गोळीचा असर उतरलेला असताना तपासलं, तर हालचालींच्या मोजणीत दोन गटांत 4.2 गुणांचा फरक निघाला. स्ट्रेचिंगवाले घसरले, सायकलवाले बरेचसे टिकून राहिले. माझ्या मते टिकून राहणं हीच या आजारात मोठी मिळकत.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांतल्या काहींचे मेंदूचे एमआरआय आधी आणि नंतर काढले होते. मेंदूत खोलवर प्युटामेन नावाचा भाग असतो. या आजारात त्याच्या मागच्या बाजूचं डोपामिन (हालचालीसाठी लागणारं, मेंदूतल्या पेशी बनवतात ते रसायन) आधी आटतं, पुढची बाजू जास्त काळ तग धरते. सायकल चालवणाऱ्यांमध्ये हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागाशी या पुढच्या बाजूचा संपर्क, मागच्या बाजूच्या तुलनेत, वाढलेला दिसला. मेंदूचं आकसणंही कमी होतं. मेलेल्या पेशी परत आल्या असा याचा अर्थ नाही. शाबूत भागाने जास्त भार उचलला, असं मी समजतो.

अमेरिकेत येल विद्यापीठात तर जोरकस व्यायामानंतर डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या खुणाच वाढलेल्या दिसल्या. पण माणसं फक्त 10 आणि तुलनेला दुसरा गट नाही. त्यावर काकांना मोठी आशा लावू नकोस.

गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या, वेळच्या वेळी. काकांना बीपी आहे, म्हणून आधी हृदयाची तपासणी करून घे. दम लागावा, पण दोन वाक्यं बोलता यावीत, इतपत जोर पुरे सुरुवातीला. सायकल बुटकी, पाठीला टेकू असलेली बघ आणि पॅडलला पट्टे हवेतच, नाहीतर पाय सटकतो. रविवारी मी येतो, दुकानात बरोबरच जाऊ. काकांनाही घेऊन जाऊ, बसून बघू दे त्यांना.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद