पिवळी वायर, लाल वायर आणि वायरमनकाका

वायरमनकाका,

सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानाला पाटी नाही आणि तुम्ही मोबाइलवर फोन सोडून दुसरं काही बघत नाही. त्यामुळे हे पत्र कुणीतरी तुम्हाला वाचूनच दाखवावं लागेल. दाखवतील. त्या दिवशी दोन तास तुमच्या बाकावर बसले होते, तेवढ्यात किती जण नुसते 'काका, जरा बघता का' म्हणत डोकावून गेले ते मी पाहिलंय.

आठवत नसेल तर सांगते. गोडोलीची, पांढरी हॅचबॅक, मागच्या सीटवर सासरे. गाडी आठवड्यातून दोनदाच बाहेर निघते, सोमवारी आणि गुरुवारी, आप्पांना पोवई नाक्याजवळ फिजिओथेरपीला न्यायला. दिवाळीनंतर दर सोमवारी किल्ली फिरवली की नुसतं 'टक'. मग रिक्षा बोलवा, आप्पांना दोघांनी धरून बसवा. संध्याकाळपर्यंत बॅटरी चार्ज करून आणायची, की पुढचा सोमवार पुन्हा तसाच.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकाने नवी बॅटरी बसवली, साडेचार हजार घेतले, जुनी बदल्यात ठेवून घेतली. (तिचं बिचारीचं काहीच चुकलं नव्हतं, हे आता कळतंय.) दुसऱ्याने बॉनेट न उघडताच अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरतो तो) गेलाय म्हणून सांगितलं, आणि तेही मला नाही, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भाच्याला. भाचा अकरावीत आहे.

तुम्ही मात्र पहिला प्रश्न मलाच केलात, आणि तोही असा की मी गोंधळलेच. "ताई, कुठल्या वारी बंद पडती?"

सोमवारीच, म्हटलं. गुरुवारी कण्हत कण्हत का होईना, सुरू होते. तुम्ही मान हलवलीत, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावलात आणि आकडा मला वाचायला सांगितलात. 14.2 व्होल्ट. "अल्टरनेटर झ्याक हाय. बॅटरी भरतीया. उभ्या गाडीत कोणतरी पितंय."

मग गाडी बंद केलीत, मायनसची वायर सोडवलीत आणि ती वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडलात, दहा अँपिअरच्या भोकात लाल पिन घालून. दरवाजा उघडाच, पण त्याच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून मिटवलीत, म्हणजे गाडीला वाटावं दरवाजा लागलाय. आणि म्हणालात, आता चहा घ्या. मला वाटलं, हा माणूस वेळ काढतोय. प्रत्यक्षात गाडीला झोप लागायची वाट बघत होता. सेंट्रल लॉकिंग, अलार्म, आतला छोटा कॉम्प्युटर, सगळे एकेक करून निजतात, त्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि त्याआधीचा आकडा धरला तर माणूस भलत्याच वायरीच्या मागे लागतो. हे मला चहा संपताना कळलं. मधेच मी 'एकदा सेल मारून बघू का' म्हणून किल्लीकडे हात नेला आणि तुम्ही असे ओरडलात की आप्पासुद्धा दचकले. स्टार्टरचा करंट मीटरमधून गेला असता तर मीटरचा फ्यूज जागच्या जागी उडाला असता. तेव्हा राग आला होता, आता नाही.

अर्ध्या तासानंतर आकडा 0.38 अँपिअरवर थांबला. वर्तमानपत्राच्या कडेला तुम्ही पेन्सिलीने गणित मांडलंत, ते पान मी घरी आणलंय. गुरुवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी नऊ, 87 तास. 87 गुणिले 0.38, म्हणजे 33 अँपिअर-तास. आणि बॅटरीचा सगळा साठाच 35 अँपिअर-तासांचा! सोमवार ते गुरुवार 63 तास, 24 जातात, थोडं उरतं, म्हणून कण्हणं. "टाकीला भोक असल्यावर टाकी बदलून काय उपेग?"

मग चिमट्याने एकेक फ्यूज. काढा, आकडा बघा, परत बसवा. डिकीचा दिवा, नाही. हॉर्न, नाही. सातवा की आठवा फ्यूज निघाला आणि आकडा धपकन 0.02. स्टिरिओ!

दिवाळीत रिव्हर्स कॅमेऱ्यासोबत बसवून घेतलेला. तो बाहेर ओढलात तेव्हा मागे पिवळी आणि लाल वायर एकमेकींना पिळून वर काळी टेप. पिवळी कायम बॅटरीवर, सेटिंग लक्षात ठेवायला, आणि लाल किल्लीवर, हे तुम्ही सांगितलंत. दोन्ही एकत्र बांधल्यावर किल्ली काढल्याचं स्टिरिओला कळणार कसं? बटण दाबलं की पडदा काळा व्हायचा, आत सगळं जागं. खूण तर समोरच होती हो. किल्ली काढली तरी गाणं सुरू राहायचं आणि आम्हाला ती सोय वाटायची. मी औषधं आणेपर्यंत आप्पा मागे बसून नाट्यगीतं ऐकायचे.

लाल वायर किल्लीच्या लायनीवर घेतलीत, तीनशे रुपये सांगितलेत. मी पाचशे ठेवले तर दोनशे परत केलेत आणि वर म्हणालात, त्यात एक मीटर घ्या.

घेतला, थोडी भर घालून. गाडी बंद केल्या केल्या मोजायचं नाही, तेव्हा आकडा उगाच फुगलेला असतो, पाच-सहा तासांनी मोजायचं, हे तुमचं सांगणं पाळते. गेल्या गुरुवारी रात्री बॅटरीवर 12.6 व्होल्ट होते, सोमवारी सकाळी 12.5. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

तक्रार फक्त आप्पांची आहे. किल्ली काढली की नाट्यगीत अर्ध्यावर तुटतं. "त्या वायरमनला विचार, माझ्यापुरतं काही करता येतं का," म्हणाले. विचारायला येतेच आहे, येताना तुमची कपबशीही आणते. त्या दिवशी गडबडीत गाडीतच राहिली.

आपली,
गोडोलीची ताई